चालती-फिरती गळती

आधी चहा ओतून घ्या, बिस्किटांची बशी जवळ ओढा. एकदा सुरू केलं की मी मध्ये थांबणार नाही. थांबलो तर लाज वाटेल, आणि लाज वाटली की पुढचं सांगणं व्हायचं नाही.

चुका सगळ्यांच्याच हातून होतात हो. कुणी भलत्याच बसमध्ये चढतं, कुणी भलत्याच लग्नात जेवून येतं. मी काय केलं? एक गुन्हा शोधला. गुन्हेगार हेरला. पुरावे गोळा केले. साहेबांना पटवलं. हेड ऑफिसहून माणूस बोलावला. एवढं सगळं केलं! आणि मग जे झालं ते...

थांबा, आधी माझं काम काय ते सांगतो. नारायणगुड्याच्या माझ्या आत्याला अजून वाटतं की मी शेगड्या दुरुस्त करतो. दर दिवाळीला तिची शेगडी मला साफ करावी लागते.

आमचं गॅस स्टेशन आहे उप्पलच्या पुढे. कंपनीचं नाव विचारू नका, नोकरी अजून आहे. पाइपलाइनने गॅस येतो, कॉम्प्रेसर तो दाबून-दाबून भरतो, मग तो ऑटोंमध्ये, बसमध्ये जातो. हा गॅस म्हणजे बहुतेक मिथेन. दिसत नाही. वास मुद्दाम घातलेला असतो, पण गळती बारीक असेल तर तोही येत नाही. आणि गुपचूप हवेत निसटला की पृथ्वी तापवायला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जोरात लागतो. म्हणून तो निसटतो कुठून, किती निसटतो, हे शोधायला एक माणूस ठेवतात. तो मी. हातात एक यंत्र घेऊन प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक जोड हुंगत फिरायचं. आई लोकांना सांगते, ‘निनाद गॅस कंपनीत इन्स्पेक्टर आहे.’ खरं म्हणजे मी पगारी नाक आहे.

तर ह्या नाकाला मदत म्हणून कंपनीने स्टेशनच्या चारी कोपऱ्यांत खांब रोवले. खांबावर सेन्सर. सेन्सर दिवसभर हवा चाटत बसणार आणि त्याची रेघ माझ्या मोबाइलवर दिसणार. रेघ आडवी झोपलेली, म्हणजे सगळं ठीक. उठून बसली, म्हणजे गळती.

आणि पहिल्याच आठवड्यात रेघ उठून बसली!

खांब नंबर तीन. कंपाउंडच्या कडुनिंबाखालचा. रोज सकाळी, मी येऊन जरा टेकलो की टुणकन उडी. थोड्या वेळाने परत झोपलेली. मी यंत्र घेऊन धावायचो, एकेक जोड हुंगायचो, साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचो. काही नाही! सगळे जोड पतिव्रता.

आता तुम्हीच सांगा. पाइप काय घड्याळ बघून गळतो? नाही. म्हणजे कुणीतरी हे करतंय. मुद्दाम. रोज.

कोण? मला विचार करायला वेळच लागला नाही. यादगिरी अन्ना!

यादगिरी अन्ना आमचा शिफ्ट इन्चार्ज. मोठ्या मिशा, मोठं पोट, त्याहून मोठा आवाज. राहतो अंबरपेठेत, आमच्याच गल्लीत. सकाळी मुलीला नारायणगुड्याच्या शाळेत सोडतो, परत येऊन मला गाडीवर मागे बसवतो आणि स्टेशनवर आणतो. फुकट. स्टेशनवर सगळे दख्खनी बोलतात. मी तुम्हाला मराठीत सांगतोय, पण अन्नाची काही वाक्यं मराठीत मावत नाहीत, ती तशीच ठेवतो.

म्हणाल, इतक्या चांगल्या माणसावर संशय? अहो, कारण होतं ना!

महिनाभर आधी मी अन्नाच्या फोनची रिंगटोन बदलली होती. गाण्याच्या जागी आमच्या गॅसगळतीच्या भोंग्याचा आवाज टाकला. मग कॉम्प्रेसरच्या भिंतीमागे उभं राहून त्याला फोन लावला. बस्स! अन्ना ओरडला, ‘भागो रे!’ ऑटोवाले पळाले, चहावाला किटली टाकून पळाला. सगळे पटांगणाच्या टोकाला जमले. अन्ना एकेकाला मोजतोय, आणि भोंगा काही केल्या थांबत नाही. थांबणार कसा? खिशात वाजतोय! शेवटी रेड्डी सर, म्हणजे आमचे मॅनेजर, शांतपणे म्हणाले, ‘‘यादगिरी, तुझा खिसा लीक होतोय.’’

सगळं स्टेशन हसलं. अन्ना नाही हसला. मला एवढंच म्हणाला, ‘‘अच्छा है छोटे. याद रखता मैं.’’

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा गाडी घेऊन दारात हजर! ‘‘बैठ छोटे.’’

बघा हं. ज्याची तुम्ही अशी खोडी काढली, तो तुम्हाला रोज प्रेमाने गाडीवर बसवतो. ह्याच्याइतकी संशयास्पद गोष्ट जगात दुसरी आहे का? मी खोड्या काढणारा माणूस. मला खोडीचा वास लांबून येतो. अन्ना रोज सकाळी कुठला तरी व्हॉल्व्ह हळूच ढिला करत होता, मला यंत्र घेऊन कुत्र्यासारखं पळवत होता आणि लांबून मजा बघत होता. माझी खात्री झाली.

पण नुसत्या खात्रीने काय होतं? पुरावे हवेत.

पुरावा पहिला. एक दिवस अन्नाच्या मुलीच्या शाळेत काहीतरी कार्यक्रम होता, त्यामुळे आम्ही उशिरा पोचलो. रेघही उशिरा उठली! म्हणजे अन्ना पोचल्याशिवाय गळती नाही.

पुरावा दुसरा. चुलतभावाच्या साखरपुड्याला मी सुट्टी घेतली. अन्ना एकटाच गेला. दिवसभर मोबाइल बघत होतो, जिलबी पण नीट खाल्ली नाही. रेघ झोपलेली! एकदासुद्धा उठली नाही! आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? मी बरोब्बर तेच समजलो. मी नसलो की खोडी करून उपयोग काय? प्रेक्षकच नाही!

पुरावा तिसरा. कडुनिंबाजवळच्या व्हॉल्व्हच्या दांड्याला मी एक बारीक धागा बांधला. कुणी हात लावला तर तुटणार. सकाळी रेघ उठली. धावत जाऊन बघतो तर धागा जसाच्या तसा. काय तयारीचा माणूस! व्हॉल्व्ह उघडतो, धागासुद्धा हलू देत नाही!

त्यात अन्नाने त्या खांबाला लिंबू-मिरची बांधली.

‘‘हे काय अन्ना?’’

‘‘नजर लगी रे इस मशीन कू. रोज सुबे चिल्लाती.’’

‘‘नजर? की हात?’’ मी डोळे बारीक करून विचारलं.

अन्नाने माझ्याकडे बघितलं. मग लिंबाकडे. मग परत माझ्याकडे. ‘‘तेरे कू भी एक बांधू क्या?’’

साळसूदपणा बघितलात?

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण आता माझ्या टेस्टच्या बाटल्या संपायला लागल्या.

ही बाटली म्हणजे काय, तर ज्या यंत्राने गळती शोधायची ते यंत्र आज जागं आहे का, हे रोज सकाळी तपासावं लागतं. त्यासाठी छोटी बाटली असते, डिओच्या डब्याहून थोडी मोठी. आत हवेत कालवलेलं थोडंसं मिथेन, इतकं पातळ की काडी लावली तरी पेटणार नाही. सकाळी कडुनिंबाखालच्या बाकावर बसायचं, कारण तिथे सावली आहे आणि मोबाइलला रेंज आहे. बाटलीच्या डोक्यावरचा नॉब फिरवायचा, नळी यंत्राच्या तोंडाला लावायची. यंत्र टीं-टीं ओरडलं की शाब्बास म्हणायचं, नॉब परत फिरवायचा, बाटली बाजूला ठेवून चहा प्यायचा, मग ती लॉकरमध्ये टाकायची. सरळ काम.

तर महिनोन्‌महिने पुरणारी बाटली आठवड्यात खलास! मागवली की खलास!

‘‘निनाद, तू ते पितोस का?’’ रेड्डी सरांनी विचारलं.

मी त्यांच्या केबिनचं दार लावून घेतलं. आवाज खाली आणला. ‘‘सर, चोरी होतीये.’’

‘‘असला गॅस कोण चोरेल? त्यावर अंडं पण उकडणार नाही.’’

‘‘चोर अंडं उकडायला चोरत नाही सर. मला छळायला चोरतो.’’

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते असं फक्त पगारवाढीच्या महिन्यात करतात.

मी मग हुशारी केली. बाटली लॉकरमध्ये ठेवणं बंद. टेस्ट झाली की बाटली माझ्या खांद्याच्या पिशवीत, आणि पिशवी दिवसभर माझ्या अंगावर. घे आता, चोर कसा चोरतो बघू!

आणि इथून, मंडळी, गळती चालायला लागली.

खरंच सांगतो. त्या दिवशी खांब तीन उठला. मी तिकडून कॉम्प्रेसरकडे गेलो तर खांब तीन झोपला आणि खांब दोन उठला! मी ऑटोंच्या रांगेशी गेलो, खांब एक! मी धावत मागच्या भिंतीशी, खांब चार! मी जिथे पोचतोय तिथे रेघ टुणकन वर. मी गर्रकन मागे वळलो. कुणी नाही. हळूच चाललो आणि पटकन वळलो. कुणी नाही! अन्ना लांब गेटवर एका ऑटोवाल्याशी भांडत होता. इतकं खरं वाटेल असं भांडण कुणी उगाच करतं का? मला दिसावं म्हणूनच ना?

‘‘सर, तो माझा पाठलाग करतोय,’’ मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं. ‘‘हातात बाटली घेऊन. मी जातो तिथे येतो आणि गॅस सोडतो.’’

‘‘यादगिरी? एवढं पोट घेऊन? आणि तुला दिसत नाही?’’

‘‘तीच तर कमाल आहे सर!’’

सरांनी मोबाइलवरच्या रेघा बघितल्या. एक, दोन, तीन, चार, सगळे खांब उठलेले. आता मात्र त्यांचं हसणं गेलं. गळती बारीक असो, पण रोज आहे, आणि हेड ऑफिसला पण ह्या रेघा दिसतात. त्यांनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं.

‘‘तू नक्की सांगतोस? थट्टा नाही? कारण यादगिरीने मुद्दाम केलं असेल तर मी त्याला इथे ठेवू शकत नाही. वरंगलच्या पुढे नवीन स्टेशन आहे, तिकडे टाकावं लागेल.’’

मी छाती काढून म्हणालो, ‘‘नक्की, सर.’’

संध्याकाळी अन्ना मला घरी सोडत होता. अंबरपेठच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर मान न वळवता म्हणाला, ‘‘छोटे, मेरे कू वरंगल भेजरै बोल के सुना मैं.’’

‘‘अच्छा?’’ मी म्हणालो.

‘‘मेरेकू क्या, कहीं भी जाता मैं. पर गुडिया कू सुबे स्कूल कौन छोडता? अम्मा उसकी रात की ड्यूटी करती दवाखाने में. पिछले साल ऑटो लगाया था. रोज रोई, पूरा महिना.’’ सिग्नल सुटला. ‘‘किसने बोला होगा रे?’’

मी पिशवी पोटाशी घट्ट धरून बसलो. वाईट वाटत होतं. पण मनातल्या मनात मी स्वतःला बजावलं: निनाद, गुन्हेगार असाच मन वितळवतो. फसू नको!

घरी आलो तर आईची वेगळीच कटकट. डब्यातल्या आवकाय लोणच्याचं तेल गळून सगळी पिशवी लाल झालेली.

‘‘झाकण नीट लाव म्हणून किती वेळा सांगायचं? लोणच्याची बरणी तशीच, पाण्याची बाटली तशीच, शाम्पू तसाच! आवळून लावायला हात झिजतात तुझे?’’

‘‘आई, अन्ना स्पीडब्रेकरवर गाडी उडवतो, त्याने सांडतं.’’

‘‘हो का? मग काल फ्रिजमधलं ताक सांडलं, तिथे पण अन्ना गाडी घेऊन गेला होता?’’

तपास चालू असताना मी घरगुती विषयांवर बोलत नाही.

दोन दिवसांनी हेड ऑफिसहून वसुधा मॅडम आल्या. सडपातळ, शांत, आणि हातात तो कॅमेरा. तुम्ही नाही बघितला असा कॅमेरा. साध्या डोळ्याला न दिसणारा मिथेन त्याच्यात धुरासारखा दिसतो. त्यांच्या कमरेला पिवळ्या टॅगांचा जुडगा. नियम असा की जो भाग गळताना सापडेल त्याला तिथल्या तिथे टॅग बांधायचा, आणि दुरुस्ती होऊन परत तपासणी होईपर्यंत तो कुणी काढायचा नाही. मॅडमनी कॅमेरा एका टीव्हीला जोडला, म्हणजे सगळ्यांना दिसेल. रेड्डी सर, अन्ना, दोन ऑपरेटर, चहावाला, सगळे जमले. अन्ना नवा शर्ट घालून आला होता. वरंगलला जाताना चांगला दिसावा म्हणून असेल.

मी सकाळीच टेस्ट उरकली, नवी कोरी बाटली पिशवीत टाकली आणि कडुनिंबाखाली उभा राहिलो. भाषण पाठ होतं.

‘‘मॅडम,’’ मी सुरू केलं, ‘‘हा साधा लीक नाही. ह्याच्यामागे डोकं आहे. हा लीक सकाळी येतो. मी आलो की येतो. मी गेलो की जातो. मी चाललो की चालतो. जिथे मी, तिथे तो. ह्या सगळ्यावरून एकच माणूस समोर येतो...’’

बोलताना मला जाणवलं की माझ्याकडे कुणी बघत नाहीये. सगळे टीव्हीकडे बघतायत. मॅडमनी कॅमेरा माझ्यावर धरला होता आणि त्यांच्या भुवया हळूहळू वर चालल्या होत्या.

मी पण टीव्हीकडे बघितलं.

टीव्हीत मी होतो. बोट वर करून उभा. आणि माझ्या कमरेमागून, डौलात, वेटोळे घेत, धुराचा एक सुंदर लोट वर चढत होता. मी डावीकडे सरकलो. लोट डावीकडे. मी उजवीकडे. लोट उजवीकडे. मी गर्रकन वळलो, तर लोटाने माझ्याभोवती एक गिरकी घेतली.

स्टेशनवर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कॉम्प्रेसरसुद्धा ऐकत असावा.

अन्नाने घसा साफ केला. अगदी काळजीने विचारलं, ‘‘छोटे... पेट ठीक है ना?’’

मग काय! चहावाला जमिनीवरच बसला हसायला. एका ऑपरेटरने खांबाला मिठी मारली. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी नुसतं विचारलं, ‘‘पिशवीत काय आहे?’’

मी बाटली काढली. टीव्हीत तिच्या डोक्यातून फुसफुस लोट. मॅडमनी दोन बोटांनी नॉब धरला आणि फिरवला. एकदा. अजून एकदा. अजून अर्धा. लोट बंद.

मोबाइलवरची रेघ आडवी झोपली.

‘‘तू हे पूर्ण बंद करत नाहीस?’’

‘‘मॅडम, पूर्ण आवळलं की दुसऱ्या दिवशी उघडताना बोटं दुखतात,’’ मी म्हणालो. आणि म्हणता म्हणताच डोक्यात सगळे खांब एकदम पेटले. उशिरा आलेली रेघ. साखरपुड्याची झोपलेली रेघ. न तुटलेला धागा. चोरीला गेलेला गॅस. मागे वळून बघितल्यावर न दिसलेला माणूस! दिसणार कसा? तो वळायचा ना माझ्याबरोबर!

रेड्डी सर पुढे आले. खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाले, ‘‘निनाद, तुझी पिशवी लीक होतीये.’’

मॅडमनी जुडग्यातून एक पिवळा टॅग सोडवला. ‘‘गळणाऱ्या भागाचं नाव?’’

‘‘निनाद,’’ सर म्हणाले.

त्यांनी लिहिलं. ह्या बाईंनी आयुष्यात थट्टा केली नसावी. टॅग बाटलीला बांधायला निघाल्या, तेवढ्यात अन्ना म्हणाला, ‘‘मॅडम, बाटली का क्या कसूर? बाटली अच्छीच है.’’

मॅडमनी क्षणभर विचार केला. आणि टॅग माझ्या आयकार्डाच्या दोरीला बांधला.

वरंगलचं तिथेच मिटलं. सरांनी मला सगळ्यांसमोर एकच वाक्य बोलायला लावलं. बोललो. ‘‘अन्ना, मीच सांगितलं होतं सरांना. माफ कर.’’ अन्ना मिशा चोळत ऐकत राहिला. मला वाटलं, झालं, आता बसने जायची सवय करावी लागणार.

संध्याकाळी गेटवर गाडी उभी.

‘‘बैठ छोटे.’’

मी टॅग काढायला हात घातला.

‘‘नक्को! रूल है. रिपेअर हुए बगैर निकालने का नै.’’

उप्पलपासून अंबरपेठपर्यंत तो पिवळा टॅग वाऱ्यावर फडफडत होता. सिग्नलला शेजारचे ऑटोवाले वाकून वाचत होते. एकाने तर गाडीपासून जरा लांब सरकून घेतलं. अख्ख्या रस्त्यात अन्नाचं पोट हलताना मला मागून कळत होतं.

घराशी आल्यावर मी सटकणार, तर अन्ना स्वतः वर आला. आईने दार उघडलं. तिची नजर सरळ टॅगवर.

‘‘हे काय रे गळ्यात?’’

‘‘मावशी,’’ अन्ना त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, ‘‘स्टेशनमदी लीक होता. लई शोधला. हेड ऑफिसवाले मॅडम आले, मोठा कॅमेरा आणला. तुमचा पोरगा सापडला.’’ आणि मग त्याने सगळं सांगितलं. सावकाश. एकही पुरावा न गाळता. गिरकीसुद्धा करून दाखवली, पोटासकट.

आई हसली नाही. तिने पदराला हात पुसले. ‘‘एवढा मोठा कॅमेरा कशाला आणला? मला विचारायचं. जन्मल्यापासून सांगतीये, ह्याचं झाकण नीट बसत नाही.’’

मग टॅग जवळ ओढून वाचायला लागली. सर्वांत खाली एक ओळ असते: दुरुस्ती शक्य आहे का? हो किंवा नाही, खूण करा.

आईने अन्नाच्या खिशातलं पेन घेतलं, ‘नाही’वर खूण केली, पेनाचं टोपण घट्ट लावून त्याला परत दिलं, आणि चहा टाकायला आत गेली.